कचऱ्याखालचे वस्त्र : गरज, बाजारपेठ आणि ग्राहकाची जबाबदारी

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विकास अधिकारी यांच्यासाठी योजिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वस्त्र म्हटले की अंगावरचे लुगडे-धोतर, अंथरूण-पांघरूण किंवा फार तर पावसाळ्यातील ताडपत्री एवढेच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे उभे राहते. कापड घेताना गिऱ्हाईक ते बोटांत चोळून पाहते, उजेडात धरून वीण पाहते, रंग जाईल काय असे विचारते आणि मगच पैसे मोजते. घरी नेल्यावर ते विटले किंवा उसवले तर दुकानदाराला जाब विचारण्याची सोय असते. ज्या वस्त्राचा विचार येथे करावयाचा आहे ते या रीतीत बसत नाही. ते एकदा अंथरले की त्यावर खडी चढते, खडीवर कचरा चढतो आणि ते पुन्हा कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. ते फाटले किंवा त्याचा सांधा उकलला, तर ती वार्ता प्रथम पोहोचते ती आसपासच्या विहिरींना.

घनकचरा पुरण्याच्या जागी जी तांत्रिक वस्त्रे वापरली जातात त्यांना व्यवहारात भूवस्त्रे किंवा जिओसिंथेटिक्स म्हणतात. या वस्त्रांना आज देशात मोठी बाजारपेठ निर्माण झाली आहे. या बाजारातील खरेदीदार मुख्यत्वे नगरपालिका, महामंडळे आणि औद्योगिक वसाहती आहेत. म्हणजे पैसा बहुतांशी जनतेचा आहे. सबब हे वस्त्र काय असते, ते कोण करते, त्याची मागणी कोठून येते आणि ते घेताना काय पाहावे, हे अभियंत्यांइतकेच ग्रामस्थांनाही ठाऊक असणे अगत्याचे आहे.

तीन कोटी लिटर पाण्याचा प्रश्न

गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. एक हेक्टर उघड्या जागेवर ३ मीटर उंचीचे पाणी पडले, तर त्याचा हिशेब ३० हजार घनमीटर, म्हणजेच ३ कोटी लिटर होतो. त्या हेक्टरवर कचऱ्याचा ढीग असेल, तर यापैकी काही पाणी वाहून जाईल, काही वाफ होऊन उडेल. परंतु केवळ दहावा हिस्सा जरी ढिगात मुरला तरी दर पावसाळ्यात ३० लाख लिटर पाणी कचऱ्यातून गाळून खाली उतरेल.

कचऱ्यातून उतरणाऱ्या या काळसर, दुर्गंधीयुक्त पाण्यास लीचेट असे नाव आहे. त्यात अमोनिया, क्षार, लोह व कुजणाऱ्या पदार्थांतील आम्ले असतात. बॅटऱ्या, रंगाचे डबे व फुटक्या ट्यूबलाइटी त्याच ढिगात टाकल्या गेल्या असतील, तर शिसे व पारा यांसारखे जड धातूही त्यात उतरतात. हे पाणी डोळ्यांदेखत ओढ्यात गेले तर निदान दिसते तरी. जमिनीत मुरले तर दिसतही नाही.

यात भूगर्भाचाही भाग आहे. गोवा आणि कोकणातील पठारांचा जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसाळ्यात पठारावर मुरलेले पाणी पुढे उतारावरील झऱ्यांतून बाहेर येते आणि त्या झऱ्यांवर कित्येक गावांच्या विहिरी, तळी व कुळागरे अवलंबून असतात. पठार पडीक दिसते म्हणून कचरा तेथे नेण्याची प्रवृत्ती होते. प्रत्यक्षात ते पडीक पठार म्हणजे खालच्या गावाची पाण्याची टाकीच होय. माळव्यात परिस्थिती निराळी आहे. इंदूरच्या आसपासची काळी माती ओली असता पाणी धरून ठेवते, परंतु उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. तात्पर्य, केवळ जागेची माती पाहून कचरा पुरणे कोठेच सुरक्षित नाही. माती आणि कचरा यांच्यामध्ये माणसाने मुद्दाम घातलेला एक विश्वासार्ह पडदा असावा लागतो.

पडद्याचे थर

हा पडदा एकाच कापडाचा नसतो. शास्त्रीय पद्धतीने बांधलेल्या भरावभूमीत, जिला लँडफिल म्हणतात, तळापासून वरपर्यंत अनेक थर असतात आणि प्रत्येकाचे काम वेगळे असते.

सर्वांत खाली दाबून बसविलेल्या चिकणमातीचा थर असतो. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत या थराची जाडी ९० सेंटीमीटर ठरविण्यात आली आणि त्याच्या तळाखाली भूजलाची कमाल पातळी निदान २ मीटर अंतरावर असावी असे बंधन घालण्यात आले. मातीची पाणी झिरपू देण्याची मर्यादाही ठरविलेली आहे. सोप्या भाषेत सांगावयाचे तर, पूर्ण भिजलेल्या अशा थरातून वर्षभरात सुमारे ३ सेंटीमीटर उंचीचेच पाणी खाली उतरू शकते.

जेथे चांगली चिकणमाती मिळत नाही तेथे बेंटोनाइट नावाच्या फुगणाऱ्या मातीचा उपयोग करतात. ही माती दोन कापडांच्या मध्ये पसरून सुयांनी टोचून पक्की केलेली असते. आपल्याकडील गोधडीसारखीच ही रचना. मात्र आत जुनी लुगडी नसून चौरस मीटरला काही किलो माती असते. पाणी लागताच ती फुगते आणि बारीक फटी आपोआप बुजवते. बेंटोनाइटचे मोठे साठे गुजरातमधील कच्छ भागात आहेत, त्यामुळे या मालासाठी देशाला दूर जावे लागत नाही.

मातीच्या थरावर जिओमेम्ब्रेन अंथरतात. हे दीड मिलिमीटर जाडीचे, उच्च घनतेच्या पॉलिइथिलीनचे काळे पटल असते. काटेकोर अर्थाने ते विणलेले वस्त्र नव्हे. परंतु व्यापारात व मानकांत त्याची गणना याच कुटुंबात होते. तान्ह्या बाळाखाली घातलेल्या मेणकापडाचे जे काम तेच याचे. उन्हापासून संरक्षण व्हावे म्हणून त्यात २ ते ३ टक्के काजळी मिसळलेली असते आणि म्हणूनच त्याचा रंग काळा असतो.

या पटलावर खडी टाकावयाची असते, पण खडीचे टोक पटलात रुतू नये म्हणून मध्ये जाड, न विणलेले कापड अंथरतात. पॉलिप्रॉपिलीनचे तंतू सुयांनी टोचून एकमेकांत गुंतविले की नमद्यासारखे कापड तयार होते; ते पटलाची ढाल होय. त्यावरील खडीत छिद्रे पाडलेल्या नळ्या असतात. साचलेले पाणी या नळ्यांतून टाकीकडे व तेथून शुद्धीकरणाकडे नेले जाते. तीव्र उतारावर खडी टिकत नाही, म्हणून तेथे जिओनेट नावाची जाड प्लास्टिकची जाळी निचऱ्याचे काम करते. खडीवर पुन्हा एक गाळणीचे कापड येते. ताक किंवा औषधी चूर्ण वस्त्रगाळ करताना जे घडते तेच येथे घडते : पाणी खाली जाते, गाळ वर राहतो आणि नळ्या तुंबत नाहीत. यानंतर कोठे कचऱ्याला जागा मिळते. भोवतालचे मातीचे बांध उंच असतील तर त्यांच्या पोटात जिओग्रिड या मजबूत जाळीचे थर घालून त्यांना बळकटी देतात.

भरावभूमी भरल्यावर वरूनही असेच झाकण करावे लागते. पावसाचे पाणी आत जाऊ नये, आतील मिथेन वायूला नळीवाटे बाहेर पडण्यास मार्ग मिळावा आणि वरची माती वाहून जाऊ नये, हे तीन हेतू त्यामागे असतात. थोडक्यात, गाळणे, वेगळे ठेवणे, निचरा करणे, बळकटी देणे, संरक्षण करणे आणि अडविणे ही सहा कामे ही वस्त्रे करतात. एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही, हे खरेदी करणाऱ्याने प्रथम ध्यानी घ्यावे.

कायद्याने घडविलेली बाजारपेठ

मातीत कापड घालण्याची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्याच्या रस्ते विभागाने १९२६ साली रस्त्याखाली सुती कापड घालून पाहिले होते. ते कुजले, पण कल्पना टिकली. कृत्रिम तंतू आल्यावर तिला बळ मिळाले आणि १९७७ साली जे. पी. जिरू या फ्रेंच अभियंत्याने या कापडांना जिओटेक्स्टाइल हे नाव दिले.

कचऱ्याच्या क्षेत्रात मात्र या वस्त्रांचा प्रवेश व्यापाऱ्यांच्या उत्साहाने झाला नाही. तो कायद्याने झाला. अमेरिकेने १९७६ साली कचरा व्यवस्थापनाचा मूलभूत कायदा केला, १९८४ च्या दुरुस्तीने धोकादायक कचऱ्याच्या जागी दुहेरी अस्तर सक्तीचे केले आणि १९९१ च्या नियमांनी नागरी कचऱ्यालाही माती व पटल यांचे संयुक्त अस्तर लावले. त्यानंतरच तेथील गिरण्यांना नियमित मागणी येऊ लागली.

भारतातही क्रम हाच आहे. अलमित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेने शहरांच्या उघड्या कचऱ्याचा प्रश्न ऐरणीवर आणला. त्याची परिणती २००० सालच्या नागरी घनकचरा नियमांत झाली आणि २०१६ साली अधिक विस्तृत नियम आले. २०२० च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने १,४८० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियानास मंजुरी दिली. देशात तांत्रिक वस्त्रांचे बारा वर्ग मानले जातात. त्यांपैकी जिओटेक व पर्यावरण रक्षणासाठीचा ओइकोटेक हे दोन वर्ग प्रस्तुत विषयाशी निगडित आहेत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या नागरी टप्प्यात जुने कचराढीग निकालात काढण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. २०२३ साली वस्त्रोद्योग मंत्रालयाने भूवस्त्रांच्या १९ प्रकारांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. अशा रीतीने नियम, निधी आणि मानक या तीन पायांवर ही बाजारपेठ उभी राहिली.

एका हेक्टरचा हिशेब

बाजारपेठेचा आवाका समजून घेण्यासाठी एका हेक्टरचे गणित पुरेसे आहे. दीड मिलिमीटर जाडीच्या पटलाचे वजन चौरस मीटरला सुमारे १.४ किलो भरते. म्हणजे एका हेक्टरच्या तळाला सुमारे १४ टन पटल लागते. चौरस मीटरला ४०० ग्रॅमचे संरक्षक कापड घेतले तर त्याचे ४ टन होतात. गाळणीचे कापड, उतारावरची जाळी, कडेच्या चरात पुरावयाचा जादा भाग आणि शेवटी वरचे झाकण हे सारे निराळे. दहा हेक्टरांच्या भरावभूमीस किती माल लागेल, याचा अंदाज यावरून सहज बांधता येतो.

नागरी कचरा हा या मालाचा एकमेव ग्राहक नव्हे. कारखान्यांच्या धोकादायक कचऱ्यासाठी अधिक कडक अस्तराच्या जागा लागतात. वडोदऱ्याजवळ नंदेसरी, मुंबईजवळ तळोजा आणि पुणे जिल्ह्यात रांजणगाव येथे अशा जागा आहेत. गोव्यात सत्तरी तालुक्यातील पिसुर्ले येथे ही सोय करण्यात आली आहे. औष्णिक वीजकेंद्रांचे राखेचे तलाव, खाणींचे गाळसाठे, शेततळी व सांडपाण्याची कुंडे यांनाही हेच पटल चालते. त्यामुळे कारखानदारास एका क्षेत्रातील मागणी मंदावली तरी दुसऱ्याचा आधार असतो.

या उद्योगाचा मोठा भाग महाराष्ट्र, गुजरात आणि त्यांना लागून असलेल्या दमण-सिल्वासा पट्ट्यात आहे. मूळची दोर व मासेमारीची जाळी करणारी पुण्याची गरवारे कंपनी, जिची जाळी कोकण व गोव्याच्या मच्छीमारांच्या परिचयाची आहेत, ती याच धाग्याच्या कौशल्यावर भूवस्त्रांकडे वळली. संशोधन व चाचणीसाठी मुंबईतील बीट्रा या संस्थेत भूवस्त्रांचे उत्कृष्टता केंद्र आहे. बेळगावहून फार दूर नसलेल्या इचलकरंजीतील डीकेटीई संस्थेत न विणलेल्या कापडाचे केंद्र आहे. यंत्रमागाच्या या परंपरागत गावाने नव्या वस्त्राकडे वळावे, ही बाब सीमाभागातील तरुणांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

कामाच्या दृष्टीने मात्र मोठी संधी कारखान्याबाहेर आहे. पटल अंथरणे, त्याचे सांधे वितळवून जोडणे, सांध्यांची चाचणी घेणे व नोंदी ठेवणे ही कुशल माणसांची कामे आहेत. यंत्र विकत मिळते. हात तयार करावा लागतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून निघणाऱ्या मुलांना हे कौशल्य अवघड नाही.

स्वस्त माल आणि महाग चूक

या बाजाराचे एक वैशिष्ट्य असे की, माल वापरणारा, माल निवडणारा आणि मालाच्या दोषाचे परिणाम भोगणारा हे तिघे भिन्न असतात. ठेकेदार अंथरतो, कार्यालय निविदा मंजूर करते आणि पाणी मात्र खालच्या वाड्यातील लोक पितात. शिवाय दोष उघड होण्यास कित्येक वर्षे लागू शकतात. तोवर ठेकेदाराची अनामत परत गेलेली असते, अधिकाऱ्याची बदली झालेली असते. अशा बाजारात केवळ सर्वांत कमी दर पाहून निर्णय घेणे धोक्याचे ठरते.

पटलाची गुंडाळी साधारणपणे ७ मीटर रुंद असते असे धरले, तर शंभर मीटर लांब व शंभर मीटर रुंद जागेस पंधरा पट्टे लागतात आणि त्यांच्यामध्ये शंभर मीटरचे चौदा सांधे येतात. म्हणजे एका हेक्टरला जवळजवळ दीड किलोमीटर लांबीचे सांधे झाले. पटल कितीही उत्तम असले तरी त्याचे बळ या दीड किलोमीटरच्या सांध्यापेक्षा अधिक नसते. चांगल्या पद्धतीत सांध्याच्या दोन समांतर रेघा वितळवून जोडतात व त्यांच्यामध्ये हवेची पोकळ वाट ठेवतात. त्या वाटेत पंपाने हवा भरून दाबमापकाचा काटा पाहावयाचा. काटा उतरला तर सांधा गळका आहे. ही चाचणी इतकी सोपी आहे की, ती पाहण्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. सांध्याचे तुकडे कापून प्रयोगशाळेत ओढून पाहणे ही दुसरी आवश्यक चाचणी होय.

अनुभव असा की, पटलास पडणारी बहुतेक भोके ते अंथरताना पडत नाहीत. त्यावर खडी पसरताना यंत्राच्या व दगडांच्या माराने पडतात. म्हणून संरक्षक कापडाचे वजन कमी करून केलेली बचत ही सर्वांत घातक बचत ठरते. कापडाचा तंतू कोणता, हेही विचारावे. पॉलिएस्टर तीव्र अल्कलीयुक्त पाण्यात झिजते, म्हणून कचऱ्याच्या सान्निध्यात बहुधा पॉलिप्रॉपिलीन पसंत केले जाते. तेही आठवडेच्या आठवडे उघड्या उन्हात पडून राहिले तर कमजोर होते. माल वेष्टनात, सावलीत ठेवला पाहिजे.

केवळ प्रत्येक थर चांगला असून भागत नाही, त्यांचा परस्परमेळही पाहावा लागतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील केटलमन हिल्स येथे धोकादायक कचऱ्याची भरावभूमी त्या काळातील नियमांप्रमाणे अस्तर घालून बांधली होती. १९ मार्च १९८८ रोजी तेथील कचऱ्याचा प्रचंड ढीग एकाएकी घसरला. काही ठिकाणी तो सुमारे ११ मीटर आडवा सरकला आणि ४ मीटरहून अधिक खचला. तपासात असे आढळले की, गुळगुळीत पटल आणि त्याला लागलेली ओली माती यांच्यातील घर्षण फार कमी होते. थर फाटले म्हणून ढीग सरकला नाही. थर एकमेकांवरून घसरले. तेव्हापासून उतारावर खरबरीत पृष्ठाचे पटल वापरण्याकडे आणि थरांच्या घर्षणाची आधी चाचणी घेण्याकडे विशेष लक्ष दिले जाऊ लागले.

अस्तर नसलेल्या ढिगांची कथा याहून वाईट आहे. दिल्लीत गाझीपूर येथे १९८४ पासून साचत गेलेल्या ढिगाचा काही भाग १ सप्टेंबर २०१७ रोजी पावसानंतर कोसळला आणि दोन माणसे प्राणास मुकली. मडगावजवळील सोनसडो येथे २०१९ च्या मे महिन्यात ढिगास लागलेली आग दक्षिण गोव्यातील लोकांच्या स्मरणात आहे. पाणी, वायू व वजन या तिन्हींची व्यवस्था न लावता कचरा रचीत गेल्यास तो कधी वाहतो, कधी पेटतो आणि कधी ढासळतो.

झाकावे की उपसावे?

जुन्या ढिगांचे काय करावे, हा आज या बाजारपेठेपुढील सर्वांत मोठा प्रश्न आहे. त्याची दोन उत्तरे देशात दिसतात.

पहिले उत्तर झाकण्याचे. मुंबईत गोराई येथील खाडीकाठची क्षेपणभूमी २००७ साली बंद करण्यात आली. सुमारे २० हेक्टरांवरील ढिगास उतार देऊन तो पटलाने झाकण्यात आला आणि आतील वायू गोळा करण्याची व्यवस्था करण्यात आली. हैदराबादजवळ जवाहरनगर येथेही एक कोटी टनांहून अधिक जुन्या कचऱ्यावर असेच झाकण घालण्यात आले. झाकणामुळे नवे पाणी आत जाणे थांबते, दुर्गंधी व आग कमी होते. परंतु झाकण हे तळाच्या अस्तराचे काम करू शकत नाही. पूर्वी मुरलेले पाणी खालून पाझरत राहते. जवाहरनगरच्या पाझराने जवळचा मलकाराम तलाव दूषित झाला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

दुसरे उत्तर उपसण्याचे. इंदूरने देवगुराडिया येथील सुमारे १३ लाख टन जुना कचरा २०१८ साली यंत्रांनी चाळून वेगळा केला. माती भरावासाठी, प्लास्टिक व चिंध्या इंधनासाठी किंवा पुनर्वापरासाठी आणि दगड-विटा बांधकामासाठी अशी विभागणी झाली व मोकळ्या जमिनीवर झाडे लावण्यात आली. परंतु इंदूरच्या यशाचे मूळ उपसण्यात नाही. घरोघरी ओला व सुका कचरा वेगळा घेण्याची शिस्त त्या शहराने आधी बसविली. त्यामुळे उपसलेल्या जागी नवा ढीग उभा राहिला नाही.

यातून या बाजारपेठेविषयी एक विलक्षण वाटणारा, पण खरा निष्कर्ष निघतो. या वस्त्राचा सर्वांत शहाणा ग्राहक तो, ज्याला ते कमीत कमी लागते आणि जो त्या थोड्यासाठी उत्तमातील उत्तम घेतो. २०१६ च्या नियमांचाही आशय हाच होता की, ज्याचा उपयोग होऊ शकत नाही, जे कुजत नाही, जळत नाही आणि पुन्हा वापरता येत नाही तेवढेच पुरावे. गोव्यात साळगाव येथे २०१६ साली सुरू झालेल्या प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस व वीज तयार होते आणि पुनर्वापरास निरुपयोगी असलेले सुके पदार्थ कर्नाटकातील सिमेंट कारखान्यांकडे इंधन म्हणून पाठविले गेले आहेत. काकोडा येथेही २०२२ साली असा प्रकल्प सुरू झाला. जितका कचरा या मार्गांनी जाईल तितकी पुरावयाची जागा कमी लागेल. आणि जागा लहान असली म्हणजे तिच्या तळाला उंची माल घालणे परवडेल. मोठ्या जागेवर हलके अस्तर घालण्यापेक्षा लहान जागेवर भक्कम अस्तर घालणे केव्हाही श्रेयस्कर.

गावाने आणि शाळेने काय करावे?

गावाच्या हद्दीत किंवा शेजारी अशी जागा होणार असेल, तर केवळ विरोध किंवा केवळ संमती यापेक्षा माहितीपूर्ण देखरेख अधिक उपयोगी पडते. ग्रामसभेने निदान पाच गोष्टींची विचारणा करावी. पहिली, पावसाळ्यातील भूजलाची सर्वोच्च पातळी मोजली आहे काय, आणि ती कोणत्या महिन्यात मोजली? उन्हाळ्यातील मोजणी येथे निरुपयोगी होय. दुसरी, पटलावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि गुंडाळीवर क्रमांक आहे काय? पॉलिइथिलीन पटलासाठी आय. एस. १६३५२ हे मानक आहे. तिसरी, सर्व सांध्यांच्या हवेच्या चाचणीची नोंदवही जागेवर आहे काय? चौथी, माल पुरविणारा आणि चाचणी करणारा हे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत काय? पाचवी, काम सुरू होण्यापूर्वी भोवतालच्या विहिरींच्या पाण्याचे पृथक्करण करून ठेवले आहे काय? पहिली नोंद नसेल तर पुढे बिघाड सिद्ध करणे अवघड जाते.

नारळाच्या मुलखास एक लहानसा वाटाही या बाजारात आहे. काथ्याच्या दोरांपासून विणलेले विरळ वीणीचे भूवस्त्र, ज्याला आय. एस. १५८६९ हे मानक आहे, झाकलेल्या ढिगांच्या व खाणींच्या उतारांवर अंथरले जाते. गवत रुजेपर्यंत ते माती धरून ठेवते आणि मग काही वर्षांत कुजून मातीस मिळते. तळाच्या अस्तरासाठी ते मुळीच चालत नाही. तेथे न कुजणारेच हवे. वरच्या मातीसाठी मात्र कुजणारे बरे. महिला बचत गटांना व काथ्या उद्योगांना या मागणीचा विचार करता येण्याजोगा आहे.

शिक्षकांना एक साधा प्रयोग मुलांकडून करवून घेता येईल. टाकाऊ प्लास्टिकच्या तीन बाटल्यांचे तळ कापून त्या उलट्या, तोंड खाली करून ठेवाव्यात. पहिलीत केवळ वाळू व खडी घालावी. दुसरीत खडीखाली आतील बाजूस अखंड पॉलिथिनची पिशवी बसवावी. तिसरीत तशीच पिशवी बसवावी, पण तिला टाचणीचे एक छिद्र पाडावे. तिन्हींत चहाचे काळे पाणी ओतून खाली पेले ठेवावेत. पहिल्या पेल्यात पाणी लगेच येते, दुसरा कोरडा राहतो. आणि तिसऱ्यात थेंब थेंब करीत दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी साचते. अस्तर असणे आणि अस्तर अखंड असणे यांतील फरक मुलांना याहून स्पष्ट करून सांगणे कठीण आहे. याच तासाला घरातील बॅटरी, औषधांच्या बाटल्या व ट्यूबलाइटी वेगळ्या का ठेवाव्यात, हेही सांगता येईल. पिशवीला छिद्र पडलेच तरी वरच्या पाण्यात विष नसेल, एवढी काळजी प्रत्येक घर घेऊ शकते.

सारांश, कचऱ्याखालचे वस्त्र ही चैनीची वस्तू नव्हे आणि जादूची कांडीही नव्हे. उत्तम गिरणीतून आलेले, काळजीपूर्वक जोडलेले आणि प्रामाणिकपणे तपासलेले पटल दीर्घकाळ आपले काम बजावते. निष्काळजीपणे अंथरलेले पटल केवळ कागदावर अस्तर असते. या बाजारपेठेत पैसा, उद्योग आणि रोजगार आहे व तो वाढावा हेही इष्टच. मात्र तिचे यश किती टन कापड विकले गेले यावर मोजावयाचे नाही. भरावभूमीच्या खालच्या अंगाला असलेल्या विहिरीचे पाणी पिढ्यान्पिढ्या पिण्याजोगे राहिले काय, हेच तिचे खरे माप होय; आणि ते माप घेण्याचा अधिकार त्या विहिरीवर घागर भरणाऱ्या प्रत्येकाचा आहे.